जुन्या वस्त्रांचा नवा मान

'चॅपेल' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा उगम एका जुन्या कपड्यात आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. चौथ्या शतकात रोमन सैन्यात चाकरी करणाऱ्या मार्टिन नावाच्या तरुणाने आमियाँ नगराच्या वेशीपाशी थंडीने कुडकुडणारा एक भिकारी पाहिला, आणि तलवारीने आपला झगा मधोमध कापून त्यातला अर्धा त्याला दिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे तूरचा बिशप झालेल्या या संताचा झगा म्हणून जे वस्त्र जपले गेले त्याला लॅटिनमध्ये 'काप्पेल्ला', म्हणजे लहानसा झगा, असे म्हणत. फ्रँक राजे ते वस्त्र आपल्याबरोबर लढाईवर नेत आणि त्यावर हात ठेवून शपथा घेववीत. ज्या वास्तूत ते ठेवले जाई तिलाही कालांतराने तेच नाव पडले, आणि त्याची राखण करणारा धर्मगुरू 'काप्पेल्लानुस', म्हणजे आजचा चॅप्लिन, ठरला.

त्या राजांच्या भांडारात भरजरी वस्त्रांची वाण नव्हती. असे असताना एका सैनिकाच्या अर्ध्या झग्याला हा मान का मिळावा? कापडाच्या पोताशी किंवा शिवणीशी या मानाचा काही संबंध नव्हता. तो झगा कोणी दिला आणि कोणी पांघरला, हे विसरले गेले नव्हते, एवढेच त्याचे कारण.

हा प्रश्न आज पुन्हा विचारण्यास निमित्तही आहे. गेल्या काही वर्षांत जगभरच्या शहरांतून जुन्या कपड्यांची एक नवी आवड पसरली आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा कोट, आजीच्या काळचा फ्रॉक, जुन्या घाटाची टोपी, मनगटावर चावीचे घड्याळ, अशा थाटात कचेरीत वा बाजारात जाणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. अशा वस्तूंना 'व्हिंटेज' म्हणतात. हा शब्द मुळात द्राक्षमळ्यातला. अमुक एका वर्षीच्या द्राक्षांचा तोडा आणि त्यापासून केलेला द्राक्षारस असा त्याचा अर्थ. साधारणतः वीस वर्षांहून जुन्या कपड्याला 'व्हिंटेज' आणि शंभर वर्षांहून जुन्याला 'अँटिक' म्हणण्याचा व्यापारी संकेत आहे. घरातील वडीलधारी माणसे या आवडीकडे पाहून कपाळाला आठ्या घालतात. ज्या कपड्यांतून आम्ही कष्टाने बाहेर पडलो तेच ही पोरे पैसे मोजून विकत घेतात, हा त्यांचा सवाल असतो. तो अगदीच गैर नाही. जुन्या कपड्याचा इतिहास लंडन शहरात जितका सविस्तर नोंदला गेला आहे तितका क्वचितच अन्यत्र नोंदला गेला असेल. म्हणून मुख्यतः त्या शहराच्या आधारे या सवालाचा मागोवा घेऊ.

गरजेचा बाजार

यंत्रयुगापूर्वी कापड महाग होते आणि माणसाची मजुरी स्वस्त होती. सूत हाताने कातायचे, कापड हातमागावर विणायचे, कपडा हातानेच शिवायचा. साहजिकच इंग्लंडमध्ये कपड्यांची गणना मालमत्तेत होत असे. तिकडच्या मृत्युपत्रांत झगे व कोट नावनिशीवार वाटून दिलेले आढळतात. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे अठराव्या शतकातील दप्तर चाळले तर कपड्यांच्या चोरीचे खटले वारंवार भेटतात. मालकिणीने टाकलेला रेशमी झगा दासीला मिळे. ती तो अंगावर घाली किंवा विकून चार पैसे गाठी बांधी. पुढे तोच झगा उसवून, उलटून, लहान मापाचा करून तिसऱ्याच घरी जाई. एक कपडा अनेकांच्या अंगावरून फिरत शेवटी चिंधी होई, आणि चिंधीलाही गिऱ्हाईक असे. लाकडाच्या लगद्यापासून कागद बनू लागला तो एकोणिसाव्या शतकात. तोवर युरोपातील कागद चिंध्यांपासूनच होत असे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर गुटेनबर्गने छापलेल्या बायबलच्या पुष्कळ प्रतींचा कागद असाच कोणा अनामिकांच्या अंगावरून उतरलेल्या तागाच्या वस्त्रांचा आहे.

लंडनमध्ये या व्यापाराच्या ठरलेल्या जागा होत्या. टॉवर ऑफ लंडनजवळ रोझमेरी लेन येथे भरणाऱ्या बाजाराला 'रॅग फेअर', म्हणजे चिंध्यांची जत्रा, असेच नाव होते. सेव्हन डायल्स भागातील मॉनमथ स्ट्रीट ही गल्ली जुन्या कपड्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध होती. १८३६ साली चार्ल्स डिकन्सने आपल्या पहिल्याच पुस्तकात या गल्लीवर एक निबंध लिहिला. दुकानाबाहेर टांगलेल्या कपड्यांची एक रांग पाहून, हे सारे एकाच माणसाचे असावेत अशी कल्पना तो करतो, आणि शाळकरी पोराच्या पोशाखापासून गुन्हेगारीला लागलेल्या माणसाच्या कपड्यांपर्यंत एका आयुष्याची घसरण त्या रांगेत वाचतो. कपड्यातून माणूस शोधण्याची ही दृष्टी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८५१ च्या सुमारास हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरिबांची जी प्रचंड पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात या धंद्याचे बारकावे येतात. पाठीवर पोतडी टाकून दारोदार जुने कपडे मागत फिरणारे फेरीवाले बहुतांशी यहुदी होते. त्यांचा माल हाउंड्सडिच भागातील जुन्या कपड्यांच्या पेठेत येई, आणि तेथून आयर्लंड, हॉलंडपर्यंत जाई. कपडा विक्रीयोग्य करणाऱ्या कारागिरांच्या निरनिराळ्या जाती होत्या. भोके व झिजलेले भाग बेमालूम दुरुस्त करणारा एक, विटलेल्या काळ्या कोटाला रंग देऊन पुन्हा तजेला आणणारा दुसरा, जुन्या पायताणांतून नवी पायताणे घडवणारा तिसरा. मेह्यूने त्यांची व्यावसायिक नावेही टिपली आहेत.

या सर्व व्यवहारात आनंदाचा भाग फार थोडा होता. दुसऱ्याचा उतरलेला कोट घालणे ही परिस्थितीची सक्ती होती, आणि ती पाहणाऱ्याला कळू नये म्हणूनच तर रंगाऱ्याचे पोट चाले. १८१३ साली यॉर्कशायरमधील बॅटली गावी बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली. त्या कापडाला 'शॉडी' म्हणत. पुढे इंग्रजीत हाच शब्द 'हलक्या प्रतीचा, फसवा' या अर्थाने रूढ झाला. गरिबाच्या कपड्याचे नाव शिवीसारखे वापरले जावे, यातच त्या काळाची दृष्टी दिसते.

संग्राहकाची नजर, संग्राहकाची कात्री

जुन्या कपड्याकडे गरज म्हणून न पाहता कुतूहलाने पाहणारे पहिले लोक बरेचसे चित्रकार होते. ऐतिहासिक प्रसंग रंगवायचा तर त्या काळचा खरा झगा डोळ्यांसमोर हवा, म्हणून ते असे कपडे जमवीत. टॅल्बट ह्यूज हा त्यांतलाच एक. त्याने जमवलेले कपडे १९१३ साली हॅरड्स या दुकानाने विकत घेतले, काही दिवस आपल्या दुकानात मांडले आणि मग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला भेट दिले. त्या संग्रहालयाने नेहमीच्या वापरातील पोशाखांचा एवढा मोठा संच स्वीकारण्याचा तो प्रारंभच म्हणता येईल. भरतकाम व विणकाम म्हणून कापडाला मान होताच. मात्र शिवलेला, अंगात घातलेला, घाम लागलेला कपडा ही विद्वानांनी लक्ष घालण्याची वस्तू आहे, असे तोवर मानले जात नव्हते.

त्यानंतरची दोन नावे सांगितली पाहिजेत. उत्तर लंडनमध्ये दवाखाना चालवणारे डॉ. विलेट कनिंग्टन आणि त्यांच्या पत्नी डॉ. फिलिस यांनी स्त्रियांच्या जुन्या पोशाखांचा मोठा संग्रह केला व त्यावर ग्रंथ लिहिले. १९४७ साली तो संग्रह मँचेस्टर शहराने घेतला आणि प्लॅट हॉल येथे त्याचे संग्रहालय झाले. दुसरे नाव डोरिस लँग्ली मूर या लेखिकेचे. व्हिक्टोरिया राणीच्या काळी स्त्रियांची कंबर अठरा इंचांची असे, ही दंतकथा त्या काळी सर्वमान्य होती. मूरबाईंनी आपल्या संग्रहातील झग्यांना प्रत्यक्ष टेप लावला, आणि इतकी बारीक कंबर काही त्यांना सापडेना! ज्या गोष्टीवर पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला गेला, ती एका शिवणीच्या मापाने डळमळीत झाली. १९६३ साली बाथ शहरातील असेम्ब्ली रूम्स या देखण्या वास्तूत त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय सुरू झाले. २०२२ च्या अखेरीपर्यंत ते त्या वास्तूत होते.

संग्रहाची दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे, आणि तिचा नायक एक धर्मगुरूच आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील आखेन येथील कॅनन फ्रान्झ बॉक यांना मध्ययुगीन वस्त्रांचे विलक्षण ज्ञान होते. जुन्या चर्चच्या कपाटांतून कुजत पडलेली रेशमी मिस्सावस्त्रे त्यांनी शोधून काढली. त्यांच्यामुळे कितीतरी कापड नष्ट होण्यापासून वाचले. तथापि एकेका वस्त्राचे तुकडे करून ते निरनिराळ्या संग्रहालयांना विकण्याचीही त्यांना सवय होती, आणि म्हणून लोक त्यांना 'कात्रीवाला बॉक' म्हणत. आज एकाच वस्त्राचे तुकडे युरोपातील वेगवेगळ्या शहरांत काचेखाली आहेत. तुकडे सुरेख आहेत. तथापि ते वस्त्र कोणत्या वेदीवर वापरले गेले, ते कोणी दान केले, हे सांगणारा धागा अनेकदा कात्रीखाली गेला. अठराव्या शतकात युरोपातील स्त्रिया आपले उंची रेशमी झगे चर्चला अर्पण करीत, आणि ते उसवून त्यांची मिस्सावस्त्रे शिवली जात. अशा वस्त्राचा नक्षीदार तुकडा तेवढा उरला तर नक्षी कळते, देणारी बाई हरवते.

रेशनची कुपने

दुसऱ्या महायुद्धाने जुन्या कपड्याची प्रतिष्ठा एका दिवसात बदलली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १ जून १९४१ हा दिवस पेन्टेकॉस्टचा रविवार होता. त्या दिवशी ब्रिटिश सरकारने कपड्यांचे रेशनिंग जाहीर केले. प्रौढ माणसाला वर्षाकाठी ६६ कुपने. स्त्रीच्या लोकरी झग्याला ११, सुती झग्याला ७, पुरुषाच्या बुटांच्या जोडाला ७, अशी ती खर्ची पडत. पुढे हा कोटा आणखी कमी झाला. मात्र वापरलेल्या कपड्याला कुपन लागत नसे. कालपर्यंत ज्या पेटाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तो आता घराचा ठेवा ठरला. १९४३ साली सरकारी व्यापार खात्याने दुरुस्ती, रफू आणि जुन्याचे नवे करण्याच्या कृती सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पडद्यांचे झगे झाले, नवऱ्याच्या सुटाचे बायकोचे जाकीट झाले, मुलांच्या कपड्यांची अदलाबदल करणारी केंद्रे निघाली. ठिगळ लावलेले कोपर ही देशसेवेची खूण झाली. राजकन्या एलिझाबेथ हिलाही १९४७ च्या आपल्या विवाहवस्त्रासाठी कुपने द्यावी लागली. हे रेशनिंग १५ मार्च १९४९ पर्यंत चालले. आपल्याकडेही १९४३ साली कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रण आले होते, आणि कंट्रोलच्या कापडाच्या गोष्टी आपल्या वाडवडिलांकडून अनेकांनी ऐकल्या असतील.

या आठ वर्षांची शिकवण अशी की जुना कपडा लाजिरवाणा असतो तो कपड्यामुळे नव्हे. काही माणसांनाच तो घालावा लागतो आणि इतरांना घालावा लागत नाही, तेव्हा तो लाजिरवाणा होतो. सर्वांच्याच कोपराला ठिगळ आले तेव्हा लाज आपोआप गळून पडली.

हौसेचा बाजार

युद्ध संपले, कारखाने धडधडू लागले, नायलॉन आले, तयार कपडे स्वस्त झाले. आता जुना कपडा घालण्याची गरज उरली नाही, आणि नेमक्या याच वेळी तो हौसेने घालण्यास आरंभ झाला. पन्नाशीच्या दशकात लंडनच्या कामगार वस्तीतील पोरांनी लांब कोट आणि मखमली कॉलर असा सातव्या एडवर्ड राजाच्या काळचा थाट उचलला. वर्तमानपत्रांनी त्यांना 'टेडी बॉईज' असे नाव दिले. मौज अशी की हा थाट आधी उच्चभ्रू शिंप्यांनी श्रीमंतांसाठी पुनरुज्जीवित केला होता. गरिबांच्या पोरांनी तो उचलताच श्रीमंतांनी तो टाकून दिला!

साठीच्या दशकात पोर्टोबेलो रोडवर आणि किंग्ज रोडवर जुन्या कपड्यांची नवी दुकाने निघाली. शतकाच्या प्रारंभीची पिढी याच सुमारास काळाच्या पडद्याआड जात होती, तिची घरे रिकामी होत होती आणि तिचे रेशीम, लेस, मखमल कवडीमोलाने बाजारात येत होते. एका प्रसिद्ध दुकानाने तर 'मी लॉर्ड किचनेरचा खिदमतगार होतो' असे नाव घेतले. हा किचनेर म्हणजे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला सेनानी. त्या दुकानात जुने लष्करी गणवेश मिळत. १९६६ च्या सुमारास गायक-वादकांनी ते लाल-निळे जरतारी कोट अंगात चढवले, आणि ते पाहून हजारो तरुणांनी. ज्या गणवेशांचा आजोबांना धाक वाटत असे त्यांची नातवंडांनी थट्टा मांडली. त्या थट्टेत साम्राज्याविषयीचा निषेध किती आणि नुसता थिल्लरपणा किती, हे त्या वेळी घालणाऱ्यालाही सांगता आले नसते.

याहून गंभीर प्रसंग पॅरिसमध्ये घडला. जानेवारी १९७१ मध्ये इव्ह सँ लोराँ या विख्यात वस्त्ररचनाकाराने आपली नवी मालिका सादर केली. चित्रकार पिकासोची कन्या पालोमा जुन्या बाजारातून घेतलेले चाळीसच्या दशकातील कपडे मोठ्या ऐटीत घालीत असे. तिच्याकडे पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. चौकोनी खांदे, आखूड झगे, डोक्याला फेट्यासारखे कापड, जाड तळव्यांची पायताणे! तरुणांना हे सारे नवलाचे व देखणे वाटले. समोर बसलेल्या वयस्क मंडळींच्या मात्र अंगावर काटा आला. १९४० ते १९४४ या काळात पॅरिस नाझींच्या टाचेखाली असताना स्त्रिया असेच कपडे घालीत होत्या. कापड नव्हते म्हणून झगे आखूड होते, चामडे नव्हते म्हणून तळवे लाकडाचे व बुचाचे होते. त्या कपड्यांतच कोणी भाऊ गमावला होता, कोणी शेजाऱ्यांना गाडीत कोंबून नेताना पाहिले होते. वृत्तपत्रांनी त्या मालिकेवर कडाडून टीका केली. पण पुढील काही वर्षांत हीच शैली जगभर पसरली, आणि आजच्या हौशी संग्राहकांची आवड पुष्कळशी त्या घटनेपासून मोजली जाते.

या वादात कोणाची बाजू खरी? तरुणांचा गुन्हा एवढाच होता की त्यांना आठवत नव्हते. आठवत नसलेल्याला दोष कसा द्यावा? उलट, दुःखाची आठवण असलेली प्रत्येक वस्तू जाळूनच टाकावी, असे म्हटले तर इतिहासच उरणार नाही. माझ्या मते चूक विचारण्यात झाली, घालण्यात नव्हे. हा झगा आखूड का, हे एखाद्या तरुणीने शेजारी बसलेल्या वृद्धेला विचारले असते, तर त्याच झग्याने दोन पिढ्यांना एकत्र बसवले असते. आठवणीवाचून घातलेला जुना कपडा म्हणजे सोंग. आठवणीसह घातलेला तोच कपडा म्हणजे वारसा.

ढिगाखालची माणसे

आजचा प्रश्न टंचाईचा नाही, अतिरेकाचा आहे. नवे कपडे इतके स्वस्त झाले की ते धुण्यापूर्वीच कंटाळा येतो. या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, हे २४ एप्रिल २०१३ रोजी जगाने पाहिले. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मेले. त्यानंतर आठवड्याभरातच, १ मे रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्या कामगारांना मिळणाऱ्या तुटपुंज्या वेतनाला गुलामगिरीची उपमा दिली. २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांनी वापरून फेकण्याच्या संस्कृतीचा प्रश्न पुन्हा विस्ताराने मांडला.

फेकलेले कपडे जातात कोठे? घाना देशातील आक्रा शहरात कांतामांतो नावाचा प्रचंड बाजार आहे. श्रीमंत देशांत दान पेटीत टाकलेले कपडे गाठोडी बांधून तेथे येतात. तेथील भाषेत या कपड्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे' असा होतो. माणूस जिवंतपणी इतके चांगले कपडे टाकून देईल यावर प्रथम कोणाचा विश्वासच बसला नसावा. २०२५ च्या प्रारंभी लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला. हजारो शिंपी, रंगारी व विक्रेते यांचा उदरनिर्वाह त्यावर होता. मेह्यूने लंडनमध्ये पाहिलेले कारागीर आज तेथे आहेत असे म्हणण्यास हरकत नाही. आपल्या देशात हरियाणातील पानिपत हे लोकरी चिंध्यांपासून सूत काढण्याचे फार मोठे केंद्र झाले आहे. बॅटली गावचा दोनशे वर्षांपूर्वीचा उद्योग तेथे नांदतो आहे, आणि पूर-भूकंपात वाटल्या जाणाऱ्या स्वस्त कांबळी अनेकदा तेथूनच येतात.

अशा परिस्थितीत एखादा तरुण नवा कोट न घेता चाळीस वर्षांचा कोट दुरुस्त करून घालतो, तेव्हा त्याला वेडा ठरवण्याची घाई करू नये. तो रफू शिकतो, कापडाचा पोत ओळखू लागतो, हाताची शिवण आणि यंत्राची शिवण यांतला भेद त्याला कळतो. एका कपड्याबरोबर पुष्कळ वर्षे राहण्याची सवय ही साधी गोष्ट नाही. मात्र या आवडीलाही मोह चिकटतो. दुर्मिळ वस्तू मिळवण्याची चढाओढ, किमतीचा तोरा, कपाटे भरून ठेवण्याची हाव, हे सारे तेथेही आहे. कपाटात कोंडलेले शंभर जुने कोट आणि शंभर नवे कोट, उघड्या माणसाच्या दृष्टीने सारखेच.

आपला पेटारा

हे सर्व वाचून आपल्या घरातील पेटारा आठवला नसेल असे कुटुंब विरळा. मुंबई-ठाण्याच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन बायकांचे चौकड्यांचे लुगडे, वसईच्या कुपारी बायकांचे लाल लुगडे, ही आपली जुनी वस्त्रे. कित्येक घरांत आजी लुगड्यात, आई फ्रॉकमध्ये किंवा पाचवारी साडीत आणि नात जीन्समध्ये, असे तीन पिढ्यांचे छायाचित्र एकाच भिंतीवर दिसते. जुने फेकून द्यावे ही आपली रीत नव्हती. जुनेर झाले की त्याचे लंगोट, दुपटी होत. उरलेल्याची गोधडी होई. त्यातूनही काही उरले तर दारावर येणाऱ्या बोहारणीला देऊन भांडे घेतले जाई. दोन लुगड्यांना एक पातेले की दोन पातेली, यावर होणारी घासाघीस हा सबंध आळीचा करमणुकीचा कार्यक्रम असे. मात्र पुष्कळशी देखणी लुगडी त्या टोपलीतून कायमची गेली, हेही खरे.

शेजारच्या गोव्यात यावर झालेला एक प्रयत्न उल्लेखनीय आहे. गावडा व कुणबी बायकांची आखूड, चौकड्यांची सुती साडी हातमागावरून जवळजवळ नाहीशी झाली होती. वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिचा शोध घेतला, ती पुन्हा विणून घेतली आणि २०१० च्या सुमारास नव्या रूपात लोकांपुढे आणली. गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास सांगणारा त्यांचा 'मोडा गोवा' हा ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि कोलवाळ येथील आपले जुने राहते घर त्यांनी वस्त्रसंग्रहालयासाठी मोकळे केले. २०२० साली ते निवर्तले. एका माणसाच्या चिकाटीने विणकराच्या हाताला पुन्हा काम मिळू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे लुगडे आज लग्नाच्या आदल्या रात्री, गावच्या सणाला, महोत्सवाच्या मिरवणुकीत दिसते. हौशी मुली ते भाड्याने आणतात, फोटो काढतात आणि परत करतात. यात वाईट काही नाही, पण हे पुरेसे नाही. त्या मुलींपैकी कितीजणींना ते कोणाच्या मदतीवाचून नेसता येते? काष्टा घालून शेतात वाकणारी, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पहाटे बाजाराला निघणारी बाई त्याच वस्त्रात वावरत होती. हे काम त्यात कसे होत असे, पदर कोठे खोचला जाई, ओझे घेताना तो कसा आवरत, हे सांगणाऱ्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत. जे वस्त्र केवळ व्यासपीठावर उरते त्याची गत सँ लोराँच्या प्रेक्षकांतील तरुणांच्या झग्यासारखी होते. देखणे असते, पण मुके असते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाला एक काम सुचवावेसे वाटते. पेटारा उघडावा. वस्त्रे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून न ठेवता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावीत. वर्षातून एक-दोनदा घडी बदलावी, म्हणजे त्याच रेषेवर धागा तुटत नाही. जर असेल तर डांबराच्या गोळ्या तिला थेट लागू देऊ नयेत. गंजणारी टाचणी लावू नये. आणि प्रत्येक वस्त्रासोबत कागदाची एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर ते कोणाचे, कोणत्या वर्षीचे, कोठून घेतलेले, कोणत्या प्रसंगी नेसलेले, हे घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहावे. शक्य असेल तेथे नेसण्याची रीत छायाचित्रांतून टिपून ठेवावी. धर्मग्रामातील महिला मंडळांनी आणि युवक संघांनी मनावर घेतले तर एका पावसाळ्यात गावातील सर्व घरांची अशी नोंद होऊ शकेल. चर्चच्या कपाटातील जुन्या मिस्सावस्त्रांचीही त्याच वहीत नोंद व्हावी.

मग ती वस्त्रे नुसती जपून न ठेवता वापरावीतही. धडधाकट लुगडे रविवारच्या मिस्साला नेसावे. आजोबांचा कोट नातवाच्या मापाचा करावा. ज्याचे काही होण्यासारखे नाही त्याची गोधडी शिवावी, आणि ती शिवताना कोणता तुकडा कोणाचा हे मुलांना सांगावे. चिठ्ठीवर नाव लिहिताना मात्र विलंब नको. कारण विचारायला गेल्यावर उत्तर देणारी आजी घरात असावी लागते.